अंधार किती उघडावा

फोटो पडद्यावर उघडा आणि माऊसवरचा हात काढून घ्या. थोडा वेळ काही करायचं नाही, नुसतं पाहायचं आहे.

फोटो वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यातला आहे असं धरून चालू. तुमच्याकडे तिथला नसेल, तर आतला काळोख आणि बाहेरचं ऊन एकाच चौकटीत आलेला कोणताही चालेल. माजघरातून काढलेला अंगणाचा, किंवा बोगद्याच्या तोंडातून दिसणाऱ्या घाटाचा. मी मात्र दहा नंबर सोडणार नाही. छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवरच्या या लेण्यात भल्याभल्या कॅमेऱ्यांची भंबेरी उडते. विश्वकर्मा हे त्याचं रूढ नाव. सुताराची झोपडी असंही म्हणतात, कारण छताच्या कमानीला लाकडी फासळ्या असाव्यात तशा फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. दोन्ही अंगांनी मिळून २८ अष्टकोनी खांब. टोकाला स्तूप, आणि त्याच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेला, तीन मीटरहून उंच बुद्ध. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे सकाळी गेलात तर आत नुसता गारवा असतो, आणि ऊन यायला लागतं ते दुपार कलल्यावर. तुम्ही स्तूपाजवळ उभं राहून दाराकडे पाहत फोटो काढला आहे, ऊन ऐन भरात असताना.

आता पाहा. दारावरच्या गवाक्षाच्या जागी पांढरा डाग आहे, त्यात ना आकाश ना झाड. खांब आहेत, पण नुसत्या काळ्या पट्ट्या. फासळ्या नाहीत. खांबांच्या वरच्या पट्टीतली शिल्पंही नाहीत. तिथे उभे होतात तेव्हा हे सगळं दिसत होतं, याची तुम्हाला खात्री आहे. मग गेलं कुठे?

हा प्रश्न मनात धरून ठेवा. ‘फोटो भारी कसा दिसेल’ हा दुसरा प्रश्न आहे. तो लगेच पुढे येईल, कारण त्याला सवय आहे. त्याला थोडं थांबू द्या.

हिस्टोग्रॅम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उघडा. डाव्या भिंतीला टेकलेला एक ढीग, उजव्या भिंतीला टेकलेला दुसरा, आणि मधे जवळजवळ सपाट माळ. डावा ढीग म्हणजे लेणं, उजवा म्हणजे बाहेरचं जग. जे भिंतीला टेकलं ते कापलं गेलं. उजवीकडचं कापलेलं परत येत नाही. डावीकडचं थोडंफार येतं, पण येताना रवाळ दाणे घेऊन येतं. थेट दुपारचं ऊन साधारण १,००,००० लक्स असतं. स्तूपामागच्या काळोखात त्यातलं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढं उरतं. फोटोग्राफर हा फरक स्टॉपमध्ये मोजतात, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट. तेरा वेळा दुप्पट केलं की ८,१९२ होतात, म्हणजे इथला फरक तेरा स्टॉपच्या आसपास. चांगला सेन्सर १२ ते १४ स्टॉप पेलतो, म्हणजे अशा जागी जेमतेम पास. पुढची गोष्ट आणखी अवघड. साधा संगणकाचा पडदा हजारास एक एवढाच फरक दाखवतो, म्हणजे १० स्टॉप. कागदावरची छपाई त्याच्याही बरीच खाली.

म्हणजे अडचण दोनदा येते: उजेड कॅमेऱ्यात शिरताना, आणि तो पडद्यावर उतरवताना. पहिलीवर उपाय आहे. दुसरीवर उपाय नाही, तिथे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी ठरवायचं असतं. ते कोणी ठरवायचं, याकडे आपण आता सावकाश वळू.

डोळे मिटा. अंगणातून आत या. उन्हातून आल्यावर पहिल्या क्षणी आत काहीच नसतं, नुसता थंड वास आणि वटवाघळांची चाहूल. पाऊल जपून टाकावं लागतं. मग काय होतं? बाहुली मोठी होते, दोन मिलिमीटरची सातआठ मिलिमीटर. पण त्याने डोळ्यात शिरणारा उजेड फार तर सोळा पट वाढतो, आणि हिशेब तर हजारोंचा आहे. उरलेलं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी करतात, आणि त्यांना घाई माहीत नाही. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत जमवून घेतात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना पुरतं तयार व्हायला अर्धा तास लागतो.

तो अर्धा तास मिटल्या डोळ्यांनी पुन्हा जगून पाहा. आधी स्तूपाचा गोल आला असेल, कारण तो आकाराने सगळ्यांत मोठा. मग बुद्धाचे गुडघे, दाराच्या उजेडाकडे असलेले. मग हात, मग चेहरा. मग बाजूच्या आकृती, वर कोरलेली पानं. नंतर कधीतरी खांबांवरची पट्टी. आणि मान वर केल्यावर, बहुतेक अगदी शेवटी, त्या फासळ्या. मधेच कोणी मागून हाक मारली आणि तुम्ही गवाक्षाकडे वळलात, तर डोळे दिपले असतील आणि परत वळल्यावर लेणं पुन्हा थोडं काळं झालं असेल.

म्हणजे डोळ्याने दोन्ही एका दमात पाहिलंच नव्हतं. त्याने आळीपाळीने पाहिलं, आणि आठवणीने दोन्ही शेजारी नेऊन ठेवलं. कॅमेऱ्याला तुम्ही दिला सेकंदाचा एक छोटासा तुकडा. तुम्ही घेतला होता अर्धा तास. पडद्यावर जे हरवलंय असं वाटतं, तो हा वेळ आहे.

आता डोळे उघडा, कामाला लागू.

पहिल्या अडचणीवरचा उपाय आधी आटपून टाकू, कारण तो सोपा आहे. एका जागी उभं राहून एकाऐवजी तीन फोटो काढायचे: एक कॅमेऱ्याला योग्य वाटेल तसा, एक दोन स्टॉप काळा, एक दोन स्टॉप उजळ. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. लेण्यात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून. मग सॉफ्टवेअर तिन्हींमधलं जे जे नीट आलंय ते उचलून एक फाइल बनवतं. यालाच एचडीआर म्हणतात. युक्ती तशी जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर १८५० च्या दशकात समुद्राच्या फोटोंसाठी आकाश एका निगेटिव्हचं आणि पाणी दुसऱ्या निगेटिव्हचं घ्यायचा. या युक्तीचं आजचं गणित पॉल डेबेवेक आणि आयआयटी कानपूरहून गेलेले जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडलं. २००५ मध्ये ते फोटोशॉपमध्ये आलं, आणि आता खिशातला फोन तुम्हाला न विचारताच ते करतो. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. तीन फोटोंच्या मधल्या वेळात शाळेची सहल चौकटीतून गेली, तर तीच मुलं तीन ठिकाणी अर्धीमुर्धी उमटतात. सॉफ्टवेअर त्यांतली एक जागा ठेवतं, बाकीच्या पुसतं. वेळ जोडायला गेलं की असं होणारच.

तीन फोटो नसतील तरी हरकत नाही. बहुतेकांकडे एकच असतो. एचडीआरसारखं रूप एकाच फोटोतून आणायची एक रीत आहे आणि ती मला फुकटच्या गिम्पमध्ये करायला आवडते. तिथे सगळं हाताने करावं लागतं, त्यामुळे काय चाललंय ते दिसतं. एका बटणावर सगळं करून देणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, पण मनन करायचं तर ती कुचकामी.

फोटोच्या लेयरची नक्कल काढा. वरच्या लेयरमधला रंग काढून टाका. आता हा वरचा लेयर उलटा करा, इन्व्हर्ट.

इथे थांबा. पुढची पायरी विसरून जा.

लेणं पांढरं झालंय. खांब दुधाळ, छत दुधाळ, आणि गवाक्षाच्या जागी काळं भोक. उजेड जिथून यायचा तिथून आता अंधार आत येतोय असं वाटतं. या चित्राकडे पुरेसा वेळ पाहा. तुम्हाला न दिसलेल्या फासळ्या यात अंधुकशा दिसू लागतील, कारण गडद काळ्यातले बारीक फरक ओळखायला आपले डोळे कच्चे आहेत, पांढऱ्यातले मानाने बरे ओळखतात. फासळ्या फाइलमध्ये होत्याच. ऊन दिसलं की आपली नजर तिकडेच धावते, एवढंच. आणखी एक पाहा: जिथे मूळ फोटोत सगळ्यांत जास्त काळं, तिथे इथे सगळ्यांत जास्त पांढरं आहे. म्हणजे हा उलटा लेयर कुठे किती उजेड द्यायचा याचा नकाशा आहे. ज्याला कमी मिळालं त्याला जास्त, ज्याला जास्त मिळालं त्याच्याकडून काढून घ्यायचं.

मोह होईल की हा नकाशा असाच फोटोवर टाकावा. टाकून पाहा. लेयरचा मोड सॉफ्ट लाइट करा. सगळं राखाडी, मेलेलं. कारण प्रत्येक बिंदूला त्याच्या स्वतःच्या अंधाराच्या प्रमाणात उजेड दिला, तर फासळी आणि तिच्या शेजारची खाच यांतला फरकही मिटून जातो. तो फरक म्हणजेच तर कोरीव काम.

म्हणून मधली पायरी हवी: त्या उलट्या लेयरला गॉशियन ब्लर द्या. आता नकाशातले तपशील विरघळले, आणि उरले ते मोठे प्रदेश. इथे काळोखाचा पट्टा, तिथे उन्हाचा. आता एखाद्या बिंदूला किती उजेड मिळणार हे तो एकटा ठरवत नाही, त्याचा परिसर ठरवतो. फासळी आणि खाच एकाच काळोख्या परिसरातल्या, म्हणून दोघींना सारखाच उजेड मिळतो आणि दोघींमधला फरक शाबूत राहतो.

ब्लरचा आकडा हळूहळू बदला आणि पाहत राहा. आकडा फार लहान असेल तर परिसरही लहान, आणि दगड खरखरीत, चिडलेला दिसू लागतो. मधला आकडा घेतलात तर गवाक्षाच्या कडेला बघा. तिथे उजेडाची एक झालर येते आणि तिला लागून खांबाच्या अंगाला काळी रेघ. हॅलो म्हणतात तिला. सीमेवर राहणाऱ्या बिंदूंचा परिसर अर्धा उन्हात, अर्धा काळोखात, म्हणून नकाशाला त्यांचं नीट कळत नाही. आकडा खूप मोठा केला की झालर पसरून विरते, पण तिचा परिणाम मग अख्ख्या भिंतीवर जातो. पुरतं बरोबर असं कुठलंच टोक नाही. फोटोचा आकार, तुमच्या डोळ्यांना कुठली चूक कमी खुपते, आणि फोटो किती मोठा छापायचा आहे, एवढ्यावरून आकडा निवडावा लागतो.

आणि आता तो दुसरा प्रश्न येतोच. फोटो भारी कसा दिसेल? हात आपोआप ओपॅसिटी वाढवतो, सॅच्युरेशन वाढवतो, क्लॅरिटी नावाची पट्टी असेल तर तीही ओढतो. पाच मिनिटांत लेण्याचा कोपरा न् कोपरा बोलायला लागतो. लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाच्या हाती माईक द्यावा तसं. लोकांना हे खेळणं नवं होतं तेव्हा वेरूळच्याच कैलास लेण्याचे असे ढिगाने फोटो निघाले. गजबजलेला दगड, कुठे निळी कुठे नारिंगी झाक, वर वादळाला आलेलं आकाश, जरी फोटो एप्रिलमधल्या कोरड्या दुपारचा असला तरी. सह्याद्रीचा बेसाल्ट नारिंगी नसतो. सावली उघडली की तिच्यातला रंगही फुगतो, म्हणून तो तसा दिसतो. अशा वेळी सॅच्युरेशन वाढवायचं नाही, उलट थोडं खाली आणायचं. हा माझा पूर्वग्रह म्हणा, पण मी तो सोडणार नाही.

असा फोटो मला का खटकतो ते मी बराच विचार करून पाहिलंय. त्यात सगळं एका क्षणात दिसतं. पाहणाऱ्याला कुठे थांबावंच लागत नाही. लेण्यात आपण गुडघे, हात, चेहरा असं क्रमाने मिळवलं होतं. हा फोटो सगळं हातात कोंबून मोकळा होतो. अर्धा तास जोडायला निघालो होतो, आणि जोडला गेला तो अर्ध्या तासाचा शेवटचा क्षणच.

वेरूळच्याच जिल्ह्यात अजिंठ्याला चित्रकारांपुढे नेमकी हीच अडचण होती. त्यांच्या हातात प्रकाश नव्हता, भिंत आणि माती-खनिजांचे रंग होते, आणि चित्र पाहायचं ते दिव्याच्या किंवा दारातून आत झिरपलेल्या उजेडात. जुन्या गाईडांकडे आरसे आणि पांढऱ्या चादरी असायच्या. बाहेरचं ऊन ते त्यांच्यावरून भिंतीवर फेकायचे. चित्रकारांचा मार्ग वेगळा होता. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटा देण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत, पत्रजा, ऐरिक आणि बिंदुजा: कुठे पानावरच्या शिरांसारख्या रेषांनी, कुठे बारीक छटेने, कुठे ठिपक्यांनी. हेतू एकच, सपाट भिंतीवर खोलगट आणि फुगीर भास व्हावा. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. त्याच्या नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर उजेडाची रेघ आहे. ती कुठल्या दिव्याची? कुठल्याच नाही. त्या चित्रांत सावली जमिनीवर पडत नाही. प्रत्येक अवयवाला त्याचा त्याचा उजेड दिलेला आहे, शेजारच्याकडे पाहून ठरवलेला. बारकाईने पाहिलं तर तुमच्या उलट्या, धूसर केलेल्या लेयरचं हेच काम आहे. फरक संयमाचा. पद्मपाणीभोवतीची गर्दी चित्रकाराने गडद ठेवली आहे, आणि खरा उजेड अंगावरच्या मोजक्या जागांवर आणि मोत्यांवर राखून ठेवला आहे.

अजिंठ्याचा फोटो मात्र या पट्ट्यांनी उघडायला जाल तर आधी विचारा: हा काळोख कसला आहे? भिंतीवर काळं दिसतं ते चार प्रकारचं असतं, आणि सॉफ्टवेअरला चारही सारखेच. कुठे खरंच उजेड पोचत नाही. कुठे चित्रकाराने गडद रंग दिला आहे. कुठे मधल्या शतकांत तिथे राहणाऱ्यांनी पेटवलेल्या चुलींची आणि धुन्यांची काजळी आहे. आणि कुठे व्हार्निश आहे. एकोणिसाव्या शतकात प्रती काढणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांना व्हार्निश फासलं. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने दोन इटालियन जाणकार आणले, चेकोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटलेला गिलावा जागेवर बसवला, पण वर लाखेचा थर दिला, आणि तो पुढे पिवळा पडला, काळवंडला. रंग उठून दिसावेत ही इच्छा काही नवी नाही. तेव्हा ती भिंतीवरच उतरली आणि ती पुसायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कितीतरी वर्षं लागली. आज ती फाइलमध्ये उतरते आणि कंट्रोल झेडने जाते. पण या फाइलमध्येसुद्धा सावली उघडताना तुम्ही काजळी उघडली, तर ती तपकिरी चित्रासारखी दिसू लागते, जे चित्र कोणी काढलेलंच नाही. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी अजिंठ्याचे फोटो काढले ते अंधुक उजेडातच, लांब एक्स्पोजर देऊन, भिंत तापवणारे दिवे न लावता. त्यांचे फोटो पाहिले की कळतं, काळोखाला वेळ दिला तर रंग स्वतःहून बराचसा बाहेर येतो. नाशिकचे प्रसाद पवार याच चित्रांचे डिजिटल तपशील वर्षानुवर्षं जुळवत आलेत. तिथे तर प्रत्येक काळा ठिपका कुठल्या प्रकारातला हे आधी ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

काही काळोख तर मुद्दाम केलेला असतो. वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तिथली अंधारी तुम्हाला माहीत असेल, खडकातून वर चढणारी, वळणं घेत जाणारी वाट. शत्रूने आत शिरून चाचपडावं यासाठीच ती आहे. तिच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवायची सोय होती. अंधारीचा फोटो काढून शॅडोजची पट्टी उजवीकडे ओढली, की ती कुठल्याशा तळघराचा जिना होते. जे बांधणाऱ्यांनी हिशेबाने झाकलं ते उघडं करण्यात काय कौशल्य? तिथला फोटो अर्धा काळाच असावा.

शहरातल्या बीबीच्या मकबऱ्याची गोष्ट उलटी. तिथे आत-बाहेरचा झगडा कमी, सगळं उजेडात. संगमरवर फक्त खालच्या पट्ट्यापर्यंत आणि घुमटाला, बाकी गुळगुळीत गिलावा. स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवणारी कुठलीही पट्टी त्या गिलाव्यावरचे पावसाचे ओघळ नेमके पकडते आणि बीबीचा मकबरा धुरकट कारखान्यासारखा दिसू लागतो. तिथे ही रीत वापरूच नये, असं माझं मत. प्री-वेडिंगचे फोटो काढणारे मात्र तीच वापरतात. असो.

आपल्या फोटोकडे परत. ओपॅसिटी शून्यावर आणा आणि अगदी हळू वर न्या. खांबांचे पैलू दिसतात तिथे थांबा. खांबांमागची भिंत दिसते तिथे पुन्हा थांबा. इथवर पाहणाऱ्याला जे मिळालं ते तुम्हाला लेण्यात पहिल्या काही मिनिटांत मिळालं होतं. आणखी वर न्या. पट्टीतली शिल्पं येतील. आणखी थोडं, आणि फासळ्या येतील, आणि त्यांच्यासोबत दाणेही, कारण काळोख्या भागात कॅमेऱ्यापाशी सांगायला फारसं काही नव्हतं. तो आता अंदाजाने बोलतोय. दाणे दिसले की मागे फिरा. फासळ्या पूर्ण दिसायला नकोतच. त्या आहेत एवढी शंका आली पाहिजे. फोटो भिंतीवर लावल्यावर कोणी जवळ जाऊन पाहिलं तरच त्या सापडाव्यात.

गवाक्षाकडेही पाहा. तिथलं आकाश परत आणता येईल, तीन फोटो असतील तर सहज. पण तिथून तुमचे डोळे दिपले होते. मी तो भाग थोडा जळलेलाच ठेवतो. आकाशाचा तुकडा दिसण्यापेक्षा उन्हाचा मार दिसावा. ज्यांना हे पटणार नाही त्यांचंही बरोबर असू शकेल. त्यांनी आकाश आणावं, पण ढग आणू नयेत.

फोटो रंग काढून पाहा, एकदा आडवा उलटून पाहा, मग पडदा बंद करा आणि चहा घ्या. परत आलात की पहिल्या नजरेला जे खटकेल ते खरं. बहुधा ओपॅसिटी आणखी कमी करावीशी वाटेल. वाढवावीशी वाटली तर शंका घ्या.

आता उरली फाइल जपण्याची बाब. पूर्ण झालेला जेपीईजी जपू नका, तो पुन्हा करता येईल. मूळ रॉ फाइली जपा. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात बसून चित्रांच्या प्रती काढत होता. वर्षानुवर्षांचं ते काम लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलं होतं आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळं गेलं. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती काढल्या. त्याही लंडनलाच पाठवल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागून त्यातल्या बऱ्याच जळाल्या. म्हणून मूळ फाइली एका डिस्कवर ठेवा, त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती दुसरी डिस्क पुण्याला, भावाच्या कपाटात.